कॉर्न फेरी टूरचा एक हंगाम कसा आखावा: प्राधान्यक्रमापासून शेवटच्या चार स्पर्धांपर्यंत

अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फच्या उतरंडीत पीजीए टूरच्या लगेच खालची पायरी म्हणजे कॉर्न फेरी टूर. १९९० साली बेन होगन टूर या नावाने ती सुरू झाली आणि प्रायोजक बदलत गेले तशी नाइकी, बायडॉटकॉम, नेशनवाइड, वेबडॉटकॉम अशी नावे घेत २०१९ पासून ती सध्याच्या नावाने ओळखली जाते. जानेवारीत बहामाजमध्ये सुरू होणारा हंगाम ऑक्टोबरमध्ये इंडियाना राज्यात संपतो, त्यात साधारण २५-२६ स्पर्धा होतात आणि शेवटी गुणतक्त्यातील पहिल्या २० खेळाडूंना पीजीए टूरचे कार्ड (तिथे खेळण्याचा परवाना) मिळते. २०२४ पर्यंत ही संख्या ३० होती. २०२५ च्या हंगामापासून ती २० वर आणली गेली. त्यामुळे जुन्या खेळाडूंनी सांगितलेले गुणांचे आडाखे आता जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

या टूरवर नव्याने आलेला खेळाडू बहुधा आपल्या स्विंगचा, पुटिंगचा आणि फिटनेसचा विचार करून येतो. ते सगळे गृहीतच आहे, कारण इथल्या दीडशे खेळाडूंपैकी प्रत्येकालाच अठरा होलांत ६६ फटक्यांचा स्कोअर करता येतो. हंगामाचा निकाल ठरतो तो बऱ्याच अंशी दुसऱ्या गोष्टीवर: तुम्हाला किती स्पर्धांत प्रवेश मिळतो, त्यांपैकी कोणत्या तुम्ही खेळता आणि शेवटच्या चार आठवड्यांत तुमच्या अंगात किती जोर उरलेला असतो. पुढील पायऱ्या याच हिशोबाच्या आहेत.

पहिली पायरी: आपला प्राधान्यक्रम कागदावर मांडा

टूरचे सदस्यत्व मिळाले म्हणजे प्रत्येक स्पर्धेत जागा मिळाली, असा समज नवख्यांत सर्रास आढळतो. प्रत्यक्षात प्रत्येक सदस्य कुठल्या ना कुठल्या गटात मोडतो, गटांचा क्रम ठरलेला असतो आणि स्पर्धेच्या जागा वरून खाली भरत येतात. उन्हाळ्यात दिवस मोठा असतो तेव्हा १५६ खेळाडूंना प्रवेश देता येतो. हंगामाच्या सुरुवातीला उजेड लवकर संपतो म्हणून ही संख्या १४४ किंवा १३२ पर्यंत खाली येते. म्हणजे ज्यांचा क्रम खालचा आहे त्यांना वर्षाच्या सुरुवातीलाच सर्वांत कमी जागा मिळतात. आपल्या पुढे किती नावे आहेत, हा पहिला आकडा त्यामुळे माहीत असायलाच हवा.

वरच्या गटांत आधीच्या हंगामातील गुणतक्त्यात चांगल्या क्रमांकावर राहिलेले आणि अलीकडचे विजेते असतात. त्यानंतर इतर वाटांनी आलेले येतात. पीजीए टूर अमेरिकाज या कॅनडा आणि लॅटिन अमेरिकेतील टूरच्या विलीनीकरणातून २०२४ मध्ये उभ्या राहिलेल्या टूरचे पहिले १० खेळाडू, महाविद्यालयीन गोल्फमधून पीजीए टूर युनिव्हर्सिटी क्रमवारीद्वारे आलेले खेळाडू आणि क्यू-स्कूल या पात्रता स्पर्धेच्या अंतिम टप्प्यातून आलेले खेळाडू, अशा त्या वाटा. क्यू-स्कूलच्या अंतिम टप्प्यातील पहिले पाच जण थेट पीजीए टूरवर जातात; त्यांच्या मागच्यांना कॉर्न फेरी टूरच्या सुरुवातीच्या काही स्पर्धांची हमी मिळते; आणि त्याहून मागे राहिलेल्यांच्या हाती येते ते सशर्त सदस्यत्व, म्हणजे जागा उरली तर प्रवेश.

हमी मिळालेल्या स्पर्धा संपल्या की फेररचना होते. ठरावीक स्पर्धांनंतर या गटांतील खेळाडूंचा क्रम तोपर्यंत मिळवलेल्या गुणांनुसार नव्याने लावला जातो. जानेवारीत शंभराव्या क्रमांकावर असलेला खेळाडू दोन चांगल्या आठवड्यांच्या जोरावर बराच वर सरकू शकतो आणि डिसेंबरमध्ये क्यू-स्कूल गाजवून आलेला खेळाडू मे महिन्यात घरी बसून फोनची वाट पाहत असू शकतो.

म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वी त्या वर्षाचे नियमपुस्तक घ्या आणि एका पानावर चार गोष्टी लिहून काढा: तुमचा गट, गटातील तुमचा क्रमांक, हमी असलेल्या स्पर्धांची संख्या आणि फेररचनेच्या तारखा. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून मागच्या वर्षीचे पुस्तक वापरू नका. हे पान कॅडी (बॅग वाहणारा आणि मैदानावर सल्ला देणारा साथीदार), प्रशिक्षक आणि पैसा लावणारी व्यक्ती यांच्याही हाती असावे, म्हणजे ‘या आठवड्यात का खेळत नाहीस?’ हा प्रश्न त्यांच्याकडून वारंवार येणार नाही.

दुसरी पायरी: पैशांची तरतूद

टूरच्या नियमित स्पर्धेची बक्षीस रक्कम १० लाख डॉलर असते आणि विजेत्याला त्यातील १८ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार डॉलर मिळतात. हा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो. कट, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांनंतरची गाळणी, पार करून शेवटच्या क्रमांकांवर राहिलेल्याला मिळणारे सुमारे चार हजार डॉलर कुठे छापून येत नाहीत. कट चुकलेल्याला काहीच मिळत नाही, पण विमानभाडे, निवास, गाडी आणि कॅडीचा आठवड्याचा मेहनताना तर द्यावाच लागतो. बहामाज, पनामा, कोलंबिया, अर्जेंटिना, चिली अशा परदेशी दौऱ्यांचे महिने सुरुवातीलाच येत असल्याने सर्वांत महाग प्रवास नेमका अशा काळात करावा लागतो, जेव्हा अजून काहीही कमावलेले नसते.

यावर व्यवहार्य उपाय एकच: हमी असलेल्या सगळ्या स्पर्धांत कट चुकला तरी पुरेल एवढी रक्कम पहिल्या स्पर्धेपूर्वी बाजूला ठेवणे. एवढी रक्कम गाठीशी नसेल तर पाठीराखा शोधा, पण कराराशिवाय पैसे घेऊ नका. किती रक्कम, किती हंगामांसाठी, बक्षिसातील किती वाटा, परतफेडीची कमाल मर्यादा किती आणि पीजीए टूरवर गेल्यास करार चालू राहतो की संपतो, हे पाचही मुद्दे लेखी असले पाहिजेत. शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात आणि पुढे वाद होतात ते त्यावरूनच.

कॅडीच्या मोबदल्याची रूढ पद्धत म्हणजे आठवड्याचा ठरलेला मेहनताना आणि त्यावर बक्षिसातील टक्केवारी: साधारणपणे कट पार केल्यास पाच, पहिल्या दहांत आल्यास सात आणि विजयावर दहा टक्के. नवोदिताने सगळ्या हंगामासाठी कॅडी बांधून घेण्याऐवजी आधी चार-पाच स्पर्धांपुरता करार करावा. दोघांचे जमते की नाही हे तेवढ्यात कळते आणि न जमल्यास कोणाचाच वर्षभराचा खोळंबा होत नाही.

करांकडेही लक्ष हवे. टूरवरील खेळाडू कोणाचा नोकर नसतो. तो स्वतंत्र व्यावसायिक असतो. त्यामुळे अमेरिकी खेळाडूला अंदाजित कर वर्षातून चार वेळा स्वतः भरावा लागतो. त्याशिवाय ज्या राज्यात बक्षीस मिळाले त्या राज्याचा आयकरही लागू होऊ शकतो. कॅन्सस, आयडाहो आणि यूटा या राज्यांत तो आहे. टेनेसी, टेक्सस आणि फ्लोरिडा येथे वैयक्तिक वेतनावर राज्याचा आयकर नाही. अमेरिकेबाहेरच्या अनिवासी खेळाडूच्या बक्षिसातून सर्वसाधारणपणे ३० टक्के कर आधीच कापला जातो आणि त्याने खेळाडूंसाठीच्या पी-१ व्हिसाची व्यवस्थाही हंगामाच्या कितीतरी आधी करून ठेवलेली असावी. गोल्फपटूंचे कर पाहणारा हिशोबनीस पहिल्या बक्षिसाच्या आधी शोधून ठेवलेला बरा.

निवासाच्या बाबतीत या टूरवर एक चांगली प्रथा आहे. अनेक शहरांत स्थानिक कुटुंबे खेळाडूंना आपल्या घरी उतरवून घेतात. खर्च वाचतो हे खरेच, पण नऊ महिने हॉटेलच्या खोल्यांत काढणाऱ्याला घरचे जेवण आणि गोल्फ सोडून इतर विषयांवरच्या गप्पाही मिळतात. स्पर्धेच्या आयोजकांकडे यासाठी लवकर नाव नोंदवावे, कारण चांगली घरे आधीच्या वर्षीच्या पाहुण्यांनी आरक्षित केलेली असतात.

तिसरी पायरी: वेळापत्रक आखताना गवत, उंची आणि अंतर पाहा

पंचवीस स्पर्धा सलग खेळणारा खेळाडू ऑगस्टमध्ये थकतो आणि निर्णायक गुण तर त्यानंतरच वाटले जातात. सर्वसाधारण नियम असा की तीन आठवडे खेळावे, चौथा ऐच्छिक ठेवावा आणि पाचवा आठवडा काही झाले तरी घरी काढावा. मात्र हा नियम ज्याची जागा पक्की आहे त्याच्यासाठी. सशर्त सदस्यत्व असलेल्याने फेररचनेपूर्वी मिळणारी एकही जागा सोडू नये. त्याची विश्रांती फेररचनेनंतर.

कोणते आठवडे सोडायचे, हे ठरवताना कोर्स आपल्या खेळाला कितपत मानवतो हे पाहावे. बहामाजमध्ये समुद्रकाठचा वारा आणि पास्पालम गवत असते. अमेरिकेच्या दक्षिणेत बर्म्युडा गवत, ज्यावर पुट करताना गवताच्या पात्यांचा कल ओळखावा लागतो. तर उत्तरेकडे बेंट आणि पोआ गवताचे ग्रीन्स, म्हणजे होलच्या खळग्याभोवतीचे बारीक कापलेले गवत. बर्म्युडावर वाढलेल्या खेळाडूने उत्तरेकडच्या ग्रीन्सशी जुळवून घ्यायला दोन दिवस जास्तीचे धरावेत.

समुद्रसपाटीपासूनची उंची हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. कोलंबियातील बोगोटा सुमारे २६०० मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या विरळ हवेत चेंडू दहा टक्क्यांहून अधिक लांब जातो. नेहमी १५० यार्ड जाणारा शॉट तिथे १७० च्या आसपास जाऊन पडतो. शिवाय विरळ हवेत चेंडू कमी वळतो, त्यामुळे चेंडू मुद्दाम एका बाजूला वळवणारे शॉट (कट किंवा ड्रॉ) मारण्याचा अंदाजही चुकतो. इथे पहिला पूर्ण दिवस फक्त रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, घालवावा. प्रत्येक क्लबचे नवे अंतर लाँच मॉनिटर या यंत्रावर मोजून एका कार्डावर लिहावे आणि त्या आठवड्यापुरते तेच खरे मानावे. कोलोरॅडोतील टीपीसी कोलोरॅडो सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. त्याचा तेरावा होल ७७३ यार्डांचा पार-५ (पाच फटक्यांत पूर्ण होणे अपेक्षित असलेला) आहे आणि उंचीचा फायदा गृहीत धरूनही तो तीन मोठ्या शॉट्सचाच होल राहतो. तिथे दुसऱ्या शॉटवर ‘जमेल तेवढे पुढे’ मारणाऱ्यापेक्षा आपल्या आवडत्या वेजचे (जवळच्या शॉटच्या क्लबचे) अंतर मागे सोडणारा फायद्यात राहतो.

बोगोटाच्याच संदर्भात एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये चिलीच्या क्रिस्तोबाल देल सोलारने तिथे पहिल्या फेरीत ५७ चा स्कोअर केला. पीजीए टूरच्या छत्राखालील कोणत्याही टूरवरचा तो सर्वांत कमी स्कोअर ठरला. ती स्पर्धा मात्र त्याने जिंकली नाही. पीजीए टूरचे कार्ड त्याला त्या वर्षअखेर मिळाले ते हंगामभर जमवलेल्या गुणांमुळे, एका अद्भुत फेरीमुळे नव्हे.

प्रवासाचे दिवसही आराखड्यात धरावेत. हंगामाच्या सुरुवातीला बहामाजमधील स्पर्धा रविवारी सुरू होऊन बुधवारी संपण्याची पद्धत राहिली आहे, त्यामुळे विमानाची तिकिटे नेहमीच्या सवयीने काढू नयेत. अमेरिकेत क्लब विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाहीत. बॅग हरवली तरी निदान सराव फेरी खेळता यावी म्हणून बूट, हातमोजे, पावसाळी कपडे आणि यार्डेज बुक (कोर्सवरच्या अंतरांची वही) हातातल्या बॅगेत ठेवावीत. ड्रायव्हरचे एक पर्यायी हेड आणि नव्या खोबणींच्या वेजेसचा एक संच नेहमी सोबत असावा. साहित्याबाबत याहून जास्त काही सांगण्यासारखे नाही. हंगामाच्या मध्यात क्लब बदलू नयेत, एवढेच.

चौथी पायरी: एका आठवड्याची घडी

स्पर्धेसाठी नाव देण्याची मुदत साधारणपणे आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी संपते. ती चुकवणे हा सर्वांत निरर्थक तोटा, म्हणून पुढच्या चार स्पर्धांची नावे एकदमच देऊन ठेवावीत आणि खेळायचे नसेल तर मुदतीपूर्वी मागे घ्यावीत.

सोमवार प्रवासाचा. पोहोचल्यावर पुटिंग ग्रीनवर अर्धा तास घालवून वेग समजून घ्यावा, बाकी काही करू नये. मंगळवारी १८ होल खेळावेत, पण स्कोअर मोजू नये. सराव फेरीत टी-शॉटपेक्षा (होलवरच्या पहिल्या फटक्यापेक्षा) ग्रीनच्या आसपास जास्त वेळ जायला हवा: ध्वज स्पर्धेत कुठे असू शकेल, कोणत्या बाजूला चेंडू चुकला तर पार वाचवता येतो आणि कोणत्या बाजूला गेला तर बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) अटळ आहे, याच्या खुणा यार्डेज बुकमध्ये कराव्यात. हल्ली समितीने मान्य केलेलेच यार्डेज बुक वापरता येते आणि ग्रीनच्या उताराचे छापील तपशीलवार नकाशे चालत नाहीत. त्यामुळे स्वतः केलेल्या निरीक्षणाला पूर्वीपेक्षा जास्त किंमत आली आहे.

बुधवारी प्रो-ॲम, म्हणजे व्यावसायिक आणि हौशी खेळाडूंची एकत्र फेरी, असते. त्यात तुमचे नाव असेल तर ती फेरी सरावाची समजू नका. ती यजमानांची आहे. ज्या चार हौशी खेळाडूंसोबत तुम्ही पाच तास घालवता, त्यांच्यापैकीच कोणीतरी पुढच्या वर्षी प्रायोजकाच्या कोट्यातील जागेसाठी तुमचे नाव सुचवू शकतो, आणि असे घडते. प्रो-ॲममध्ये नाव नसेल तर सकाळी नऊ होल खेळून दुपारी मैदान सोडावे.

पहिल्या दोन दिवसांत तिघांचे गट असतात आणि एका दिवशी सकाळी, तर दुसऱ्या दिवशी दुपारी खेळावे लागते. गुरुवारी दुपारी खेळून शुक्रवारी सकाळी टीवर यायचे असेल तर मधली रात्र छोटी असते. त्या संध्याकाळी रेंजवर शंभर चेंडू मारून स्विंग दुरुस्त करण्याचा मोह होतो आणि तो टाळलाच पाहिजे.

स्कोअरकार्डाची काळजी हा आठवड्यातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महागडा भाग. एखाद्या होलवर प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा लिहिलेल्या कार्डावर सही केली तर सर्वसाधारणपणे बाद व्हावे लागते. जास्त आकडा लिहिला तर तोच कायम राहतो. स्कोअरिंगच्या खोलीत बसल्यावर प्रत्येक होलचा आकडा सहखेळाडूला मोठ्याने वाचायला लावावा, मग सही करावी. बॅगेतले चौदा क्लबही पहिल्या टीवर मोजावेत, कारण पंधरावा क्लब सापडल्यास प्रत्येक होलमागे दोन आणि फेरीत जास्तीत जास्त चार दंडाचे फटके बसतात. रेंजवर दोन ड्रायव्हरची चाचणी घेणाऱ्यांच्या बाबतीत हे अधूनमधून घडतेच.

पाचवी पायरी: कट आणि त्यानंतरचे दोन दिवस

छत्तीस होलनंतर पहिले ६५ आणि बरोबरीत असलेले पुढे खेळतात. या टूरवर मधला घोळका इतका दाट असतो की कटची रेषा एका फटक्याने सरकली की बरेच खेळाडू एकदम आत येतात किंवा बाहेर जातात. शुक्रवारी शेवटच्या चार होलांवर लीडरबोर्ड पाहावा की नाही, यावर खेळाडूंत दोन तट आहेत. माझे मत पाहावा असे आहे, पण एका अटीवर: कोणत्या आकड्याला काय करायचे हे आदल्या रात्री ठरलेले असेल तरच. रेषेच्या एक फटका आत असताना पाण्यापलीकडच्या ध्वजावर मारायचे की ग्रीनच्या मध्यावर, हा निर्णय नाडी जलद चालू असताना घेतला तर बहुधा चुकतो.

इथे पैसा आणि गुण यांची वाट वेगळी होते आणि या टूरवरचा सर्वांत कठीण विचार हाच आहे. नियमित स्पर्धेच्या विजेत्याला ५०० गुण मिळतात, दुसऱ्याला ३००, तिसऱ्याला १९०. आणि पन्नासाव्या क्रमांकावरच्या खेळाडूच्या वाट्याला दहाहूनही कमी येतात. गणित असे की दहा वेळा कट पार करून दहाही वेळा पन्नासावा आलेला खेळाडू एकदाच तिसरा आलेल्या खेळाडूच्या मागे राहतो. चरितार्थ चालवायचा असेल तर कट पार करण्याची सवय पुरते. कार्ड हवे असेल तर शनिवार-रविवारी वर झेप घ्यावी लागते.

त्यामुळे कट पार झाल्यावर खेळण्याची पद्धत बदलली पाहिजे. शनिवारी कटच्या रेषेवरचे खेळाडू सकाळी सर्वांत आधी खेळतात, ग्रीन्स कोणी तुडवलेले नसतात आणि वारा बहुधा पडलेला असतो. ही फेरी आक्रमकपणे खेळण्यासाठी आहे, कारण साठाव्यावरून सत्तराव्या क्रमांकावर घसरल्याने फारसे काही जात नाही, तर साठाव्यावरून विसाव्यावर येण्याने बरेच मिळते. त्यात आणखी एक आकडा डोळ्यांपुढे हवा: पहिल्या २५ मध्ये आणि बरोबरीत राहिलेल्या खेळाडूला पुढच्या स्पर्धेत जागा मिळते. पक्की जागा असलेल्यासाठी या नियमाला महत्त्व नाही, पण सशर्त सदस्यासाठी किंवा सोमवारच्या पात्रता फेरीतून आलेल्यासाठी रविवारच्या शेवटच्या होलवरचा सहा फुटांचा पुट म्हणजे पुढच्या आठवड्याचा प्रवेश असतो. त्याच्या कॅडीला पंचविसावा क्रमांक त्या क्षणी किती स्कोअरवर आहे, हे माहीत असले पाहिजे.

सहावी पायरी: जागा नसलेल्या आठवड्यांचे काय करावे

प्रतीक्षायादीत नाव असेल तर आपल्या पुढे किती जण आहेत हे रोज सकाळी पाहावे आणि पहिल्या पाच-सहांत असाल तर स्पर्धेच्या ठिकाणी जावेच. गुरुवारी सकाळी कोणाची पाठ धरते, कोणी आजारी पडतो आणि पहिल्या टीजवळ उभ्या असलेल्या पर्यायी खेळाडूचे नाव पुकारले जाते. जो तिथे नसतो, त्याच्या जागी यादीतील पुढच्याला घेतात. सराव करून, जेवून, पूर्ण तयारीने दिवसभर थांबणे आणि संध्याकाळी न खेळता परतणे याला फार संयम लागतो, आणि याची सवय कोणालाही शिकवता येत नाही.

दुसरा मार्ग सोमवारची खुली पात्रता फेरी. अठरा होल, शंभराहून अधिक खेळाडू असू शकतात आणि जागा मोजक्याच. इथे सरासरी चांगली फेरी निरुपयोगी असते. ६५ च्या आसपासचा स्कोअर लागतो आणि बरोबरी झाली तर अंधार पडेपर्यंत प्लेऑफ चालतो. तिथे खेळायचे असेल तर पहिल्या टीपासून प्रत्येक ध्वजावर मारावे. मात्र सलग तीन-चार सोमवार अपयशी गेल्यावर खेळाडूची नेहमीच्या फेरीतलीही निर्णयक्षमता बिघडू लागते, असे प्रशिक्षक सांगतात आणि ते पटण्यासारखे आहे. म्हणून फेररचनेपूर्वी जास्तीत जास्त दोन सोमवार निवडावेत आणि ते अशा कोर्सवर, जिथे पार-५ दोन फटक्यांत गाठता येतात.

फेररचनेच्या आदल्या दोन आठवड्यांत दूरध्वनीवर गुणतक्ता दर तासाला पाहणे ही या टूरवरची सार्वत्रिक खोड आहे. तक्ता आठवड्यातून एकदाच, रविवारी रात्री पाहावा. मधल्या दिवसांत त्यात जे काही दिसते, ते इतरांच्या अपूर्ण फेऱ्यांवर आधारलेले असते आणि त्यावर तुम्हाला काहीच करता येत नाही.

सातवी पायरी: उन्हाळा आणि विजयाचे परिणाम

मेअखेर ते ऑगस्ट हा गुण जमवण्याचा काळ. विचिटा, नॉक्सव्हिल आणि बॉईसी येथील स्पर्धा १९९० च्या पहिल्या हंगामापासून चालत आल्या आहेत आणि तिथल्या कोर्सवर स्कोअर खूप खाली जातात. अशा आठवड्यात पार हा चांगला स्कोअर मानू नये. चार दिवसांत वीसच्या आसपास अंडर पार लागेल असे धरूनच पहिल्या टीवर जावे. उकाडा हा इथला दुसरा प्रतिस्पर्धी. फेरीपूर्वीचा सराव निम्मा करावा, पाणी आणि क्षार प्रत्येक तिसऱ्या होलवर घ्यावेत. कोणतेही औषध किंवा पूरक पावडर सुरू करण्यापूर्वी टूरच्या उत्तेजकविरोधी नियमांत ते बसते का, हे लेखी विचारून घ्यावे. तो कार्यक्रम २००८ पासून लागू आहे आणि ‘डॉक्टरांनी दिले होते’ हा बचाव परवानगी आधी घेतलेली असेल तरच चालतो.

विजय मिळाला तर काय? पुढच्या आठवड्यात ठरलेली विश्रांती असेल तर ती घ्यावी. विजयाच्या भरात ती मोडणारे बरेच असतात आणि त्यानंतरचा महिना ते थकव्यात घालवतात. दुसरा विजय मिळाल्यावर मात्र गणित बदलते, कारण एकाच हंगामात तीन विजय मिळवणाऱ्याला हंगाम संपायची वाट न पाहता पीजीए टूरवर बढती मिळते. २००५ मध्ये जेसन गोरने लागोपाठ तीन स्पर्धा जिंकून ही बढती मिळवली आणि त्याच हंगामात पीजीए टूरवरची ८४ लंबर क्लासिकही जिंकली. दोन विजय खात्यात असतील आणि शरीर साथ देत असेल तर वेळापत्रकात एखादा आठवडा वाढवण्याचे हे एकमेव योग्य कारण. तरीही अपवादांना आदर्श मानू नये: स्कॉटी शेफलर २०१९ मध्ये गुणतक्त्यात पहिला आला तो दोन विजय आणि हंगामभर वारंवार वरच्या क्रमांकांवर राहिल्यामुळे.

आठवी पायरी: शेवटच्या चार स्पर्धा

नियमित हंगामानंतर चार अंतिम स्पर्धा होतात. अलीकडच्या हंगामांत पहिल्या स्पर्धेत गुणतक्त्यातील १५६, मग १४४, मग १२० आणि शेवटच्या टूर चॅम्पियनशिपमध्ये ७५ खेळाडू अशी गाळणी राहिली आहे. बक्षीस रक्कम १५ लाख डॉलर होते आणि विजेत्याला ५०० ऐवजी ६०० गुण मिळतात. म्हणजे सप्टेंबरमध्ये साठाव्या क्रमांकावर असलेला खेळाडूही एका विजयाने पहिल्या विसांत येऊ शकतो, आणि अठराव्या क्रमांकावरचा, तीन कट चुकवून, बाहेर फेकला जाऊ शकतो.

या चार आठवड्यांची तयारी ऑगस्टमध्ये सुरू होते. अंतिम स्पर्धांपूर्वी निदान एक पूर्ण आठवडा गोल्फशिवाय काढावा आणि दुसऱ्या आठवड्यात फक्त वेज आणि पुटर यांवर काम करावे. पंधराव्या ते तिसाव्या क्रमांकादरम्यानच्या खेळाडूने विसाव्या क्रमांकाला किती गुण लागतील याचा अंदाज बांधून प्रत्येक स्पर्धेत ‘मला किमान किती हवेत’ हे लिहून ठेवावे. पण तो आकडा बॅगेत नव्हे, हॉटेलच्या खोलीत ठेवावा. कॅडीला तो माहीत असला म्हणजे पुरे.

टूर चॅम्पियनशिप २०२४ पासून इंडियानातील फ्रेंच लिक येथील पीट डाय कोर्सवर खेळली जाते. डोंगराच्या कण्यावर पसरलेला हा कोर्स मागच्या टींवरून ८००० यार्डांहून लांब आहे, अर्थात स्पर्धेसाठी तो पूर्ण लांबीचा वापरला जातोच असे नाही. फेअरवेच्या बाहेर गेलेला चेंडू तीव्र उतारावर थांबतो, पाय एका पातळीवर राहत नाहीत आणि उघड्या माथ्यावरचा वारा सतत दिशा बदलतो. ऑक्टोबरच्या थंड सकाळी चेंडू एक क्लबभर कमी जातो. या कोर्ससाठी घरच्या सरावात दोन आठवडे आधीपासून उतारावर उभे राहून, चेंडू पायाच्या वर आणि खाली ठेवून, मधल्या लोखंडी क्लबांचे शॉट मारावेत. सपाट रेंजवर कितीही चेंडू मारले तरी इथे त्यांचा उपयोग मर्यादितच.

नववी पायरी: क्यू-स्कूलचा अर्ज ऑगस्टमध्येच भरा

ही पायरी क्रमाने शेवटी लिहिली असली तरी करायची आहे ती सातव्या पायरीच्या वेळी. क्यू-स्कूलच्या प्रवेशाची मुदत कॉर्न फेरी टूरचा हंगाम संपण्यापूर्वीच येऊन जाते. ‘माझे कार्ड होणारच आहे’ असे वाटणाऱ्या खेळाडूलाही अर्ज भरावाच लागतो, कारण विसाव्याऐवजी बाविसाव्या क्रमांकावर राहिल्यावर नवा अर्ज स्वीकारला जात नाही. अर्ज भरताना आपण कोणत्या टप्प्यापासून खेळायला पात्र आहोत हे तपासावे. गुणतक्त्यात वर राहिलेल्या खेळाडूंना सुरुवातीचे टप्पे माफ होतात, आणि हंगामातील शेवटच्या क्रमांकानुसार ही सूट बदलू शकते. शुल्क परत मिळण्याच्या अटीही त्याच वेळी वाचाव्यात.

अलीकडच्या हंगामांत पहिल्या ७५ मध्ये राहिलेल्या खेळाडूची पुढच्या वर्षीची जागा टिकत आली आहे. त्याच्यासाठी क्यू-स्कूल म्हणजे वर जाण्याची आणखी एक संधी, तर ७५ च्या खाली घसरलेल्यासाठी तीच जागा परत मिळवण्याची वाट. दोघांची तयारी वेगळी असावी. पहिल्याने फ्रेंच लिकनंतर दहा दिवस क्लबला हात लावू नये. अंतिम टप्पा डिसेंबरमध्ये फ्लोरिडात असतो आणि तोवर वेळ पुरेसा असतो. दुसऱ्याला दुसरा टप्पा खेळावा लागण्याची शक्यता असते, म्हणून त्याने तीन-चार दिवसांची विश्रांती घेऊन त्या टप्प्याच्या कोर्सवर सराव फेरीची वेळ ताबडतोब मागून घ्यावी, कारण त्या कोर्सवर तेव्हा नेहमीच्या सदस्यांचा खेळही चालू असतो आणि सकाळच्या वेळा लवकर भरतात.